माझ्या तळाशी नातीचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. जुनी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर गंज आला असेल, तर तो आधी पुसून टाका. माझ्या उजव्या कोपऱ्याला एक पोचा आहे, बाकी अंगावर डाग नाही. लांबीला मी दीड वीत, उंचीला एक वीत. पण मी विमानात बसून परदेशी आले आहे. तुमच्या घरातल्या किती डब्यांना हे सांगता येईल?

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने तेलाचा रिकामा डबा कापला, पत्रा लाकडी हातोडीने ठोकून सपाट केला, कडा दुमडल्या आणि कथील वितळवून सांधे जोडले. वर झाकण आणि झाकणाला कडी. मी थंड होते न होते तोच एक बाई दुकानात आल्या. शाळेचे गणवेश शिवून त्या घर चालवत. त्यांनी माझं झाकण तीनदा उघडलं, तीनदा मिटलं.

"कुरकुरतंय हे."

"नवीन आहे बाई, रुळेल हळूहळू."

"सुनेबद्दलही मला हेच सांगितलं होतं," असं म्हणून त्यांनी मला काखोटीला मारलं. पुढे त्यांना नात झाली आणि त्या सगळ्यांच्याच आजी झाल्या. मीही त्यांना आजीच म्हणते.

आजीने माझ्या तळाशी जाड खाकी कागद घातला आणि मला दोरे, बटणं, खडू यांनी भरलं. त्या खाकी कागदाचं महत्त्व पुढे कळेल. आजीची शाळा दुसरीतच सुटली होती. कोणता कागद कामाचा आणि कोणता बिनकामाचा, हे वाचून ठरवणं तिला जमायचं नाही. म्हणून ती एकही कागद फेकत नसे. हातात आला की घडी करून डब्याच्या तळकागदाखाली सारायची. आमच्या घरात दाखला शोधायचा तर कपाट नाही, डबे उघडतात. नातीचा जन्माचा दाखला चहाच्या डब्यात सापडला होता. तो हातात घेऊन शाळेच्या हेडबाई तीनदा शिंकल्या, पण शाळेत नाव मात्र घातलं गेलं.

त्या नातीला घरात भिंगरी म्हणतात. ती नऊ वर्षांची असताना वर्गात उभ्या उभ्या कोसळली. हातपाय आखडले, डोळे फिरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही आकडी आहे. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. एकही चुकता कामा नये. चुकली तर पुन्हा येईल."

त्याच संध्याकाळी आजीने माझ्यातली बटणं परातीत ओतली. "बटणं कुठेही राहतील," ती म्हणाली. मला पुसलं, उन्हात ठेवलं आणि गोळ्यांच्या पट्ट्या माझ्या स्वाधीन केल्या. सकाळच्या पट्ट्यांना लाल दोरा, संध्याकाळच्यांना निळा. लेबल वाचता येत नाही म्हणून तिचं काही अडलं नाही. भिंतीवरचं घड्याळ दोनदा बंद पडलं, आजी एकदाही चुकली नाही. आणि मीही नाही. माझ्यातली एक गोळी कधी हरवली नाही की ओलावली नाही.

पण मित्रांनो, दिवस फिरतात. भिंगरी कॉलेजात गेली आणि तिला माझी लाज वाटू लागली. "आजी, हिचं झाकण किती वाजतं गं! सगळे वळून बघतात." तिने सात कप्प्यांची गुलाबी प्लॅस्टिकची डबी आणली. माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. गुलाबी बाई महिनाभर मिरवल्या आणि एक दिवस दप्तरातच उघडल्या. गोळ्या पेन्सिलीच्या भुशात मिसळल्या. दोन वेळा चुकल्या, आणि भिंगरी जिन्यात पडली. आजीने धावत येऊन मला कपाटावरून ओढलं, तेव्हा मी फरशीवर आदळले. तोच हा पोचा. दागिना म्हणून मी तो मिरवते.

पुढे भिंगरीला पूल बांधण्याचं शिक्षण घ्यायला परदेशात जागा मिळाली. घरात आनंद झाला, पण मनात एकच धाकधूक. तिथे डॉक्टर मिळून औषध सुरू व्हायला वेळ लागणार. म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत न्यायच्या ठरल्या. डॉक्टरीणबाईंनी सहीशिक्क्याची चिठ्ठी दिली. सामान बांधायला काका पुढे झाला. काका म्हणजे आजीचा धाकटा मुलगा. दोनदा विमानात बसलेला, त्यामुळे विमानातलं सगळंच त्याला कळतं.

"आई, या औषधांच्या खोक्यांत निम्मी हवा आहे. विमानातून हवा न्यायची का?"

"मग तुला तरी विमानतळावर कशाला न्यायचं?"

तरी काकाने पट्ट्या काढून मला दिल्या आणि सहाही खोकी केराच्या डब्यात टाकली. तो दोरी आणायला बाहेर गेला. आजी केराच्या डब्यापाशी वाकली. प्रत्येक खोक्यावर औषधवाल्याने एक चिठ्ठी डकवली होती. आजीने अक्षरांखाली बोट फिरवलं. उभ्या जन्मात तिला दोनच नावं वाचता येतात. एक स्वतःचं, एक नातीचं.

"नातीचं नाव केरात टाकतो! हात झडले का याचे?"

तिने खोकी पुसली, उघडून सपाट केली आणि माझ्या खाकी कागदाखाली सारली. कुणाला काही बोलली नाही. मीही गप्प राहिले, मला तोंडच नाही.

परदेशच्या विमानतळावर भिंगरीने फॉर्मवर खरं ते लिहिलं, की सोबत औषधं आहेत. मला एका यंत्राच्या पोटातून आरपार पाहण्यात आलं. माझ्या वयाच्या बाईला! मग चष्मा लावलेल्या एका अधिकारीण बाईंनी माझं झाकण उघडलं. त्यांची भाषा मला कळली नाही. पुढचं बोलणं भिंगरीने नंतर आजीला फोनवर सांगितलं तेव्हा समजलं. पण तपासणारी बोटं मला ओळखता येतात.

बाईंनी लाल दोरा उचलला, निळा उचलला. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली.

"चिठ्ठीत तुझं नाव आहे. पण या पट्ट्या तुझ्याच कशावरून? औषधाच्या दुकानाचं लेबल कुठे आहे?"

"ती खोकी... घरीच राहिली."

"मग गोळ्या इथे ठेवाव्या लागतील. चौकशी होईल, दोन-तीन दिवस."

भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळच्या गोळीला तासभर उरला होता. बाईंची बोटं काहीतरी शोधताहेत एवढं मला कळलं, आणि ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, खाली बघ! जन्मभर कुरकुरणारं माझं झाकण नेमकं तेव्हा मुकं झालं.

बाई पट्ट्या बाहेर काढत गेल्या. शेवटची निघाली आणि तळाचा खाकी कागद उघडा पडला. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. चहाच्या डब्यात दाखले सापडणाऱ्या घरातली पोर ती! "एक मिनिट," म्हणाली आणि नखाने कागदाचा कोपरा उचलला.

सहा खोकी. सहाही चिठ्ठ्यांवर तिचं नाव.

बाईंनी खोक्यावरचे आकडे पट्टीवरच्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिले. जुळले. त्यांनी शिक्का मारला आणि विचारलं, "हे दोरे कुणी बांधले?"

"माझ्या आजीने."

सोडलेला निळा दोरा बाईंनी पुन्हा नीट गाठ मारून बांधला. मी तेव्हा इतकी ताठ बसले की पोचाही दिसला नसेल.

खोलीवर पोचताच भिंगरीने गोळी घेतली आणि फोन लावला. सगळं सांगून विचारलं, "आजी, तुला कसं कळलं गं खोकी लागतील म्हणून?"

"मला काय ठाऊक त्यांचे कायदे? तुझं नाव होतं त्याच्यावर. गोळी घेतलीस का?"

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी कुरकुरणारी असेल, पत्र्याची किंवा हाडामांसाची. तिला कपाटावर टाकू नका. तिने जपलेल्या कागदांना हसू नका. आणि औषध घ्यावं लागतं म्हणून लाजू नका.

मी आता भिंगरीच्या टेबलावर असते, मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. काल इथल्या औषधवाल्याने तिला पहिलं खोकं दिलं. त्यावर तिचं नाव परक्या लिपीत आहे. आजीला ते वाचता येणार नाही. भिंगरीने गोळ्या काढल्या, संध्याकाळच्या पट्टीला निळा दोरा बांधला, खोकं सपाट केलं आणि माझा खाकी कागद उचलला.