खांद्यावरून वसईला

शेजारची हौसाबाई मिठागराच्या बांधावरून सावकाश चालत आली. धावत आली असती तर मला वाटलं असतं, अजून वेळ आहे. ती सावकाश आली म्हणून कळलं, चांगुणा गेली.

चांगुणा माझी बायको. चार दिवस ताप होता, श्वास लागत होता. खाडीपलीकडे वसईच्या डॉक्टरकडे नेण्याचा तिने हट्ट धरला होता. आमचा मुकादम लीलाधर स्वतः म्हणाला, "हिराजी, जा घेऊन तिला." मीच म्हणालो, अमावस्येचं उधाण होऊन जाऊ दे. माझ्याशिवाय बांध टिकणार नाही, अशी माझी खात्री होती. उधाण आलं तेव्हा मी स्मशानात होतो. बांध टिकला.

हे त्रेचाळीस सालचं. तिचा भाऊ बाळाराम नवघरला असतो. त्याने विचारलं, "दाजी, डाक्टरकडं नेलं न्हाय का?" मी म्हणालो, "येळच न्हाय मिळाला." त्याला ते पटलं नाही. बोलणं बंद झालं.

तीन वर्षांनी मुंबईहून वामनराव खांडेपारकर आले. राजाराणीची नाटकं त्यांनी सोडली होती. आता ते खऱ्या माणसांची खरी दुःखं रंगभूमीवर आणत. गिरगावात दुःखाचा तुटवडा पडला असावा. वही घेऊन माझ्या ओट्यावर तीन दिवस बसले. चांगुणा हसायची कशी, भांडायची कशी, शेवटी काय बोलली. मी सगळं सांगितलं, लीलाधरने दिलेली सुटीसुद्धा. मला जे तोंडाने जमलं नाही ते नटाने बोलावं आणि बाळारामने पुढे बसून ऐकावं, एवढाच माझा स्वार्थ.

"हे येईल ना नाटकात?"

"शब्द न् शब्द, हिराजी."

पुढे एका रविवारी दुपारी आमच्या गोडदेवला देवळापुढे खेळ झाला. मी निरोप धाडला होता, बाळाराम आला. हिराजी झालेला पोरगा गोरापान होता, नखं स्वच्छ. त्याने चांगुणेला खांद्यावर घेतलं आणि वसईच्या होडीकडे निघाला. माझी चांगुणा अंगाने अशी होती की मी उचलायला गेलो असतो तर तिनेच मला उचलून नेलं असतं. वाटेत मुकादम चाबूक घेऊन आडवा आला. लीलाधरकडे छत्री आहे, चाबूक कधी नव्हता. मग चांगुणा बांधावर आडवी झाली आणि श्वास लागलेला असताना पाव तास बोलली. बायका रडल्या. हौसाबाईही रडली, खरं काय झालं ते तिला ठाऊक होतं, तरी रडली. लीलाधर उठून निघाला तेव्हा मागून कोणीतरी चप्पल फेकली.

मी खांडेपारकरांना गाठलं. "साहेब, मी तिला नेलंच नव्हतं. मुकादमानं सुटी दिली होती."

"अहो, मुकादमाने सुटी दिली तर नाटक कुठे राहिलं?" ते हसले. "आणि तुम्हाला किती मोठं केलंय बघा."

खरंच केलं होतं. बाळारामने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "दाजी, तीन वरसं उगाच डूक धरला. खांद्यावर नेत होतात तिला, आन् सांगितलं पन न्हाय?" मी काही बोललो नाही. मोठी माणसं बोलत नाहीत.

आता तो सणाला मला नवघरला बोलावतो, माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात वाढतो. लीलाधरशी गावात कोणी बोलत नाही. परवा तो दारात येऊन उभा राहिला.

"हिराजी, मी बोललो व्हतो ना तुला, जा म्हनून?"

"बोलला व्हतास."

"मग येकदा सांग की त्यांना."

"सांगतो," म्हणालो.

त्याला पंधरा दिवस झाले. मधे दोनदा नवघरला जेवून आलो. बाळारामला मी अजून सांगितलेलं नाही.