खाडीकाठची लाइफ रिंग

मित्रांनो, लालबागच्या आपल्या चाळीत जिन्याखाली जी पांढरी, गोल, पोपडे उडालेली वस्तू पडली आहे, ती मी. तुमच्यातले काही मला टायर समजतात, काही माझ्यावर बसून चिंचेच्या गोळ्या खातात. माझी हरकत नाही. पण मी लाइफ रिंग आहे, पाण्यात पडलेल्या माणसाला फेकायची. माझे वय विचारू नका. अंगावर रंगाचे तीन थर चढले आहेत, यावरून काय ते समजा.

माझी उमेदीची वर्षे बंदरातल्या एका लाँचवर गेली. तेव्हा मी नारिंगी होते आणि कठड्याच्या हुकात नुसती अडकवलेली असे, हात घातला की निघावी अशी. रघु नावाचा खलाशी एकदा पाण्यात पडला. मला फेकले आणि तो वर आला. आल्या आल्या त्याने मला शिवी हासडली, कारण मी त्याच्या नाकावर आदळले होते. कौतुक असेही असते.

पुढे लाँच भंगारात गेली आणि मी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात धूळ खात पडले. तिथून मला वैभवने आणले. पहिल्या मजल्यावरच्या कुशाबांचा हा मुलगा. ऑफिसला कंटाळून त्याने नोकरी सोडली होती आणि मालवणाकडे, त्यांच्या गावच्या खाडीकाठी, दोन लाकडी खोल्या बांधल्या होत्या. मुंबईच्या दमलेल्या माणसांनी तिथे यावे, आठवडाभर पाण्याकडे बघत बसावे, त्याच्या आईच्या, म्हणजे शांताकाकूंच्या हातचे घावणे खावेत आणि काही म्हणजे काही करू नये. खोलीत घड्याळ नाही, हे त्याच्या जाहिरातीतले पहिले वाक्य होते.

कुशाबा त्याच खाडीत पोहायला शिकलेले. आधी गिरणी, ती गेल्यावर वॉचमनकी, असे आयुष्य मुंबईत काढून म्हातारपणी ते गावी परतले होते. त्यांनी मला दाबून पाहिले, नवी दोरी ओवली, गाठी ओढून बघितल्या. मग मुलाला म्हणाले, "वैभवा, ओहोटीक ही खाडी माणसाक वढून न्हेता. येळ लिवून एक पाटी लाव."

"बाबा, लोक टाइम विसरायला येतात," वैभव म्हणाला. "भरती-ओहोटीचं टाइमटेबल लावलं तर ऑफिसच वाटेल ना त्यांना. तुम्ही आहात की सांगायला."

पाटी लागली नाही. मला मात्र पांढरा रंग लागला, वर निळ्या अक्षरांत 'निवांत' लिहिले गेले. फोटोत वाईट दिसते म्हणून दोरी कापली, आणि लोखंडी पट्ट्या आवळून चार स्क्रूंनी मला भिंतीवर पक्के केले.

"हिका भिंतीक कित्याक ठोकलंस?" कुशाबांनी विचारले.

"शोसाठी आहे ती. लागली तर दोन मिनिटांत काढू."

खरे सांगते, मला तेव्हा वाईट वाटले नाही. येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याजवळ उभा राहून फोटो काढायचा. लाँचवर इतकी वर्षे काढली, पण मला कोणी सुंदर म्हटले नव्हते. मी हुरळून गेले. त्या हुरळण्याची आज लाज वाटते.

दादरची सलोनी नावाची मुलगी पाच दिवस राहिली होती. कुशाबा रोज पाहुण्यांना सांगत, आता उतरा, आता नको. पाचव्या दुपारी ते मागच्या बाजूला नारळ सोलत होते. पाणी शांत दिसले म्हणून सलोनी उतरली. ओहोटी लागली होती.

तिची हाक ऐकून वैभव धावत माझ्याकडे आला. त्याने मला दोन्ही हातांनी ओढले. पट्टी हलली नाही. त्याची नखे तुटली, माझ्या पांढऱ्या रंगावर रक्त लागले. स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या खोलीत होता.

"सुटणा नाय?" हाक ऐकून धक्क्यावर धावत आलेल्या कुशाबांनी विचारले. उत्तराची वाट न बघता सत्तरीच्या त्या माणसाने उडी घेतली. त्यांनी सलोनीला काठालगतच्या तिवराच्या झाडापर्यंत ढकलले. तिने फांदी धरली. त्यांच्या हाताला फांदी लागली नाही. काही क्षण ते तिथेच हात मारत होते. मी सगळे पाहत होते, चार स्क्रूंवर घट्ट. मग पाणी त्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ते खाडीच्या मुखाशी सापडले.

खोल्यांना कुलूप लागले. वैभव मला काढून इथे घेऊन आला आणि जिन्याखाली टाकून विसरल्यासारखे वागू लागला. शांताकाकू माझ्याकडे न बघता जिना चढायच्या. असे आठ महिने गेले.

गेल्या रविवारी त्या वैभवला घेऊन खाली आल्या. हातात नवी दोरी होती.

"वैभव, खरं सांग. ही टाकली असती तर त्यांच्यापर्यंत पोचली असती काय?"

"माहीत नाही, आई."

"किती लांब होते?"

"वीस पावलं. असतील."

काकूंनी चौकात वीस पावले मोजली. तुम्ही तुमचे क्रिकेट थांबवून बाजूला झालात, आठवते ना? त्या टोकाला जाऊन त्या वळल्या आणि उभ्या राहिल्या. "टाक," म्हणाल्या.

वैभवला दोरी नीट बांधता येईना. बांधली, आणि मला फेकले. मी काकूंच्या पायांशी पडले.

त्यांनी माझ्याकडे बघितले. "पोचली," म्हणाल्या आणि वर गेल्या. वैभव तिथेच जमिनीवर बसला.

मित्रांनो, माझे दिवस आता संपले. पण तुम्ही लाँचवर जाल, तलावावर जाल, कधी पाण्याकाठी राहायलाही जाल. तिथे माझी एखादी बहीण भिंतीवर छान दिसत असेल. फोटो नंतर काढा. आधी तिला हात घालून बघा, सुटते का.