दोन झावळ्यांमधली फट

सोंदुसच्या परिच्छेदात अकरा वाक्यं होती आणि त्यांतली नऊ जोडशब्दाने सुरू होत होती. तिने मोजलं होतं. 'शिवाय' तीनदा, 'तथापि' दोनदा, 'परिणामी' दोनदा, 'त्याचप्रमाणे' एकदा आणि शेवटी 'सारांश'. सगळं इंग्रजीत. शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी तिने चाळीस इंग्रजी जोडशब्दांची यादी पुठ्ठ्यावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवली होती. परीक्षा होऊन पाच वर्षं झाली, पण मन्नूबिया आत्या तो पुठ्ठा कुणाला काढू देत नसे. पोरगी त्याच्याच जोरावर पास झाली, असं तिचं मत होतं.

स्फाक्स शहरातल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या नजात मॅडमनी गुरुवारी परिच्छेद परत दिला. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'प्रत्येक वाक्य बरोबर आहे. पण चौथ्या वाक्यानंतर मी हरवले. आठव्यात तुम्ही पुन्हा दिसलात, तेव्हा आपण कुठे आलो आहोत ते मला कळेना.'

समुद्रापलीकडच्या एका संशोधन केंद्रात नऊ महिन्यांचं प्रशिक्षण होतं. सगळ्या किनाऱ्यांवरच्या देशांना मिळून जागा सहा. अर्जात इंग्रजीतला एकच परिच्छेद लिहायचा होता, दोनशे शब्दांच्या आत: तुमच्या किनाऱ्यावरची अशी एक गोष्ट, जिचा तुम्हाला अभ्यास करायचा आहे. गेल्या वर्षी सोंदुसला दोन ओळींत नकार आला होता. यंदा वयाची मर्यादा संपत होती. जीवशास्त्राची पदवी घेऊन ती वर्षभर एका औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकत होती, आणि अर्ज रविवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होता.

शुक्रवारच्या बोटीने ती करकेना बेटावर घरी आली. धक्क्यावर बाबा मोपेड घेऊन उभा होता. खमैस त्याचं नाव. सप्टेंबर संपत आला की त्याच्या हातांना झावळ्यांच्या काट्यांचे ओरखडे असायचेच, तसे ते आताही होते.

"तोंड का असं? बोट हलली का फार?"

"नाही बाबा. परिच्छेद परत आला."

"नापास?"

"नापास नाही. मॅडम म्हणतात, वाचता वाचता हरवले."

"शिकलेली बाई आणि कागदावर हरवते?" खमैसने मोपेडला किक मारली. "बस मागे. उद्या सकाळी मला माणूस हवाय. लत्फीला स्फाक्सला ड्रायव्हरची नोकरी लागली. त्याच्या वाटच्या झावळ्या आता तू रोवायच्या."

"माझा अर्ज आहे ना, बाबा."

"ओहोटी अकराला संपते. अर्ज कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडीभर पाण्यात उभी होती. होडीत ताज्या कापलेल्या झावळ्यांचा ढीग होता. त्या एकीला एक लागून तळाच्या वाळूत रोवत जायच्या, की समुद्रात पन्नासएक मीटरचं कुंपण उभं राहतं. भरतीबरोबर किनाऱ्याकडे आलेला मासा ओहोटीला परत निघतो आणि या कुंपणाला येऊन भिडतो. मासा कुंपण ओलांडत नाही, कुंपणाच्या कडेकडेने चालू लागतो. कडेकडेने तो एका गोल अंगणात येतो, अंगणातून खोलीत, खोलीतून द्रीनात, म्हणजे विणलेल्या पिंजऱ्यात. जाळं नाही, गळ नाही. या सापळ्याला शरफिया म्हणतात; सोंदुसच्या पणजोबांची शरफियाही अशीच होती आणि याच जागी होती.

खमैस खोल बाजूने रोवत येत होता, सोंदुस किनाऱ्याकडून. तासाभरात तिने साठ झावळ्या लावल्या. रांग दोरीत लावल्यासारखी सरळ होती, दोन झावळ्यांत बोट जाणार नाही इतकी दाट. दोघांच्या रांगा जिथे भेटायच्या तिथे मात्र तळाला दगड लागला. झावळी रुतेना. हातभर जागा रिकामी राहिली. सोंदुसने होडीतून लाल नायलॉनची दोरी आणली आणि इकडच्या झावळीपासून तिकडच्या झावळीपर्यंत तीन पदरी, चांगली ताणून बांधली. गाठीही सुबक मारल्या.

खमैस पाणी कापत आला. दोरीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हे काय केलंस?"

"खाली दगड आहे. म्हणून दोरीने जोडलं."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे?"

"तू वर उभी आहेस, तुला जोडलेलं दिसतंय. मासा खालून येणार. तो तुझ्या दोरीला सलाम करून वळेल का?" खमैस हसायला लागला. "काय पण गाठी! विद्यापीठात शिकवतात वाटतं."

"मग काय करू? दगड फोडू?"

"माझी शेवटची झावळी कुठे आहे? तिच्यावर हात ठेव. आता तिथून निघ. तुझ्या बाजूचं विसर."

तिने हात ठेवला. पुढची झावळी त्याच झावळीला टेकून रोवली, तिला टेकून आणखी एक. रांग दगडाच्या कडेने वळली आणि अकरा झावळ्यांनंतर तिच्या रांगेला येऊन मिळाली.

"सरळ नाही राहिली," सोंदुस म्हणाली.

"मासा काय फूटपट्टी घेऊन येतो?" खमैसने लाल दोरी सोडून होडीत फेकली. "आता बघ. कुठून तरी बाहेर पडता येतंय का?"

सोंदुस पाण्यात उभी राहून होडीतल्या दोरीकडे बघत होती.

"काय गं? राग आला?"

"नाही. घरी कधी जायचं?"

संध्याकाळी तिने परिच्छेद वहीत उतरवला आणि नऊच्या नऊ जोडशब्द खोडले. काय होतं ते करून बघायचं होतं. मग प्रत्येक वाक्यासमोर लिहिलं: हे वाक्य कशावर संपतं, पुढचं कशापासून सुरू होतं. अकरा वाक्यांत दहा सांधे. धड होते तीन. बाकी ठिकाणी एक वाक्य झावळ्यांवर संपत होतं आणि पुढचं भलतीकडेच, वाऱ्यापासून नाहीतर पणजोबांपासून, सुरू होत होतं. मधे 'शिवाय' ताणून बांधलेलं होतं.

तिने सुटलेल्या जागांवर एकेक करून हात ठेवायला घेतलं. एक वाक्य भरतीवर संपलं, म्हणून पुढचं भरतीपासून सुरू केलं. ते माशावर संपलं, म्हणून त्याच्या पुढचं माशापासून. पणजोबा वरून उचलून खाली बाबांच्या शेजारी नेले. वारा काढून टाकला, त्याला कुठेच जागा नव्हती. आता दहा वाक्यं उरली आणि नऊ सांधे. एका ठिकाणी 'पण' लागत होतं, ते ठेवलं, कारण तिथे गोष्ट खरंच उलटी वळत होती. जेवायच्या वेळेपर्यंत आठ सांधे बसले.

उरलेला एक काही केल्या बसेना. सातवं वाक्य असं होतं: माझे वडील एकतीस वर्षं याच जागी ही रांग लावतात. आठवं: रांगेपासून समुद्रतळाचं गवत किती मागे सरकलं आहे, हे मला मोजायचं आहे. आधी इथे 'परिणामी' होतं. ते नसताना जेवढी फट दिसत होती, तेवढीच ते असतानाही होती, हे तिला आता दिसलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती वही घेऊन टेबलाशी बसली.

"बाबा, ऐक जरा. मी आपल्या भाषेत सांगते. कुठे सुटल्यासारखं वाटलं तर थांबव."

"मी मासा?"

"तू मासा."

"माझं नाव आहे का त्यात?" आत्याने भांडी घासता घासता विचारलं.

"नाही गं आत्या. दोनशेच शब्द आहेत."

"दोनशेंत एक आत्या मावत नाही. आणि तिच्या हातचं सुकवलेल्या ऑक्टोपसचं कालवण तेवढं पोटात तीन वाट्या मावतं."

खमैसने डोळे मिटले. सोंदुस वाचू लागली तसं त्याचं बोट टेबलावरच्या मेणकापडावरून सावकाश सरकू लागलं: भरती, रांग, अंगण, पणजोबा, तो स्वतः. मग बोट थांबलं.

"इथून मी बाहेर पडलो."

"कुठून?"

"मी एकतीस वर्षं रांग लावतो म्हणालीस. बरं. मग एकदम गवत मोजायला निघालीस. का? कुणी सांगितलं? काय हरवलंय तुझं त्या गवतात?"

सोंदुसने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. तिथे काय हवं होतं ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"तिथे एक वाक्य होतं," ती म्हणाली. "मी ते लिहिलंच नाही."

"काय होतं?"

"मार्चमध्ये तू आत्याला सांगितलंस ते."

आत्याने नळ बंद केला. मार्चमध्ये एकदा खमैस रिकामे द्रीना घेऊन घरी आला होता आणि याच टेबलाशी बसून म्हणाला होता, की आता एखादं वर्ष लावीन, मग होडी विकून टाकीन, नुसत्या झावळ्या पाण्यात रोवून काय करायचंय. सोंदुस तेव्हा सुट्टीवर आली होती आणि पलीकडच्या खोलीत होती.

"ऐकलंस होय," खमैस म्हणाला.

"दार उघडं होतं."

"या घराचं दार बंद कधी असतं?" आत्या म्हणाली. "तुझा बाप गुपितसुद्धा होडीवरून हाक मारल्यासारखं सांगतो."

खमैस हसला नाही. त्याने चहाचा रिकामा पेला बशीत फिरवला. बराच वेळ फिरवला. सोंदुसला वाटलं, आपण विचारायला नको होतं. आपला माणूस थकला, हे पलीकडच्या परक्या लोकांना कशाला सांगायचं? जागा मिळाली नाही तरी चालेल, असंही क्षणभर तिच्या मनात आलं.

"लिही," खमैस म्हणाला.

"नको बाबा. दुसरं काहीतरी घालते."

"दोरी बांधतेस परत? लिही म्हणतोय ना. खोटं आहे का ते? फक्त म्हातारा रडतोय असं लिहू नकोस. आकडा दे. तुला आकडे आवडतात ना."

सोंदुसने टोपण काढलं. "पूर्वी किती यायचे?"

"तुझे आजोबा होते तेव्हा? एका ओहोटीला बारा टोपल्या."

"किलोत?"

"टोपलीत. आम्ही काय काटा घेऊन बसायचो?"

"आणि गेल्या हिवाळ्यात?"

"आठवड्याला तीन." मग जरा थांबून तो म्हणाला, "तिसरी अर्धीच. पण तीन लिही."

"अडीच लिहीन," सोंदुस म्हणाली.

"लिही बाई, अडीच लिही. तुझ्यापुढे कोण बोलणार?"

तिने लिहिलं: माझे वडील एकतीस वर्षं याच जागी ही रांग लावतात. या जागेने पूर्वी एका ओहोटीला बारा टोपल्या मासे दिले. गेल्या हिवाळ्यात आठवड्याला अडीच. अडीच टोपल्यांसाठी रांग लावायची की नाही, हे ते आता ठरवणार आहेत. त्यांनी ठरवण्याआधी मला मोजायचं आहे, की मासे ज्या गवतातून येतात ते रांगेपासून किती मागे सरकलं आहे.

तिने हे पुन्हा वाचून दाखवलं. खमैसचं बोट मेणकापडाच्या दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता गेलं. आत्याने ओला हात सोंदुसच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढला. "केसांना भांड्यांचा साबण लागला," असं म्हणून ती परत भांड्यांकडे वळली.

घरात त्या दिवशी नेट लागत नव्हतं. सहाला वीस मिनिटं कमी असताना सोंदुस गच्चीवर गेली, दोरीवर सुकणाऱ्या ऑक्टोपसांच्या मधे फोन धरलेला हात उंच करून उभी राहिली आणि अर्ज पाठवून खाली आली.

नोव्हेंबरात मुलाखतीला बोलावणं आलं. व्हिडिओवर तिघं होते. त्यांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी तिचा कागद समोर धरला होता. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "तुमच्या वडिलांनी ठरवलं का?"

या प्रश्नाची सोंदुसने तयारी केली नव्हती. आणि उत्तरही तिला ठाऊक नव्हतं. त्या रविवारनंतर घरात हा विषय कुणी काढला नव्हता. एक मिनिट, असं सांगून ती अंगणात आली. खमैस द्रीनाची फाटलेली वीण सांधत बसला होता.

"बाबा, ते विचारतायत, पुढच्या वर्षी लावणार का?"

"कोण ते?"

"पलीकडचे."

"त्यांना सांग, आधी तुम्ही सांगा. तुला घेतलं तर परत कधी सोडणार?"

"ऑगस्टमध्ये."

खमैसने वीण दातांनी ओढून घट्ट केली. "मग सप्टेंबरात लावू. लत्फी नाही, मला माणूस लागेल. आणि रांगच नसली तर तू मोजणार कुठून?"

सोंदुस आत जाऊन खुर्चीत बसली. "सप्टेंबरमध्ये," तिने सुरुवात केली, आणि पुढचं सगळं त्याला लागून आपोआप आलं.

पुढच्या सोमवारी सहा नावांची यादी आली. चौथं तिचं होतं. आत्याने ती तिच्याकडून दोनदा वाचून घेतली, मग उठून कपाटावरचा चाळीस शब्दांचा पुठ्ठा सोलून काढला.

"अगं आत्या! पाच वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीस."

"काम झालं त्याचं," आत्या म्हणाली आणि सोंदुसने बरोबर न्यायच्या सुक्या ऑक्टोपसभोवती पुठ्ठा गुंडाळू लागली. "बोटीत वास येऊ नये म्हणून. एवढा जाड कागद घरात दुसरा आहे का?"

तिला गाठ मारायला काही सापडेना. खमैस होडीतून ती लाल दोरी घेऊन आला.