एचटूओचं बारसं

त्या वर्षी आमच्या बेटावर पाऊस रुसला. टाक्या तळाला गेल्या, विहिरी मचूळ झाल्या. मग बोटीतून समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आलं. धक्क्याजवळ ते मांडलं. त्याच्या पाठीवर हातभर मोठी अक्षरं होती: एचटूओ.

आठवड्याभरात तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. पण फक्त त्या यंत्राच्या पाण्यासाठी. शेजारची लोटोमाऊ म्हातारी बादली घेऊन निघताना विचारायची, "एचटूओ सुरू झालं का रे?" आणि चहाला बसली की म्हणायची, "मला एचटूओ नको बाई, पावसाचं घोटभर असेल तर दे."

माझी वहिनी सेलुका शाळेत विज्ञान शिकवते. तिचं डोकं उठायचं. नववा महिना लागला होता, तरी रांगेत उभी राहून बायकांना समजवायची, "अगं, सगळंच पाणी एचटूओ! विहिरीचं, पावसाचं, शहाळ्यातलंसुद्धा."

"मग पावसाच्या पाण्याला चव कशी गं येते?" लोटोमाऊनं विचारलं. रांग खो खो हसली.

वहिनीनं वर्गात चाचणी घेतली, तर निम्म्या पोरांनी एचटूओचा अर्थ लिहिला, 'यंत्राचं पाणी'. घरी येऊन तिनं पेपर आपटले आणि स्वतःच हसत सुटली.

त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली. दादा परदेशी जहाजावर होता. नाव ठेवायचा मान आजोबांचा, म्हणजे माझ्या बाबांचा, पेनिटुसींचा. त्यांनी नात मांडीवर घेतली आणि एचटूओ आमच्या बोलीत वळवून नाव जाहीर केलं, "एइटुटुओ."

"बाबा!" वहिनी ताडकन उठून बसली. "ते नाव नाही, सूत्र आहे!"

"दुष्काळात आली. पाण्याचंच नाव शोभतं."

"पाण्याचं कुठं? तुमच्या लेखी ते त्या डबड्याचं नाव. उद्या पोरं तिला यंत्र म्हणतील."

"तूच तर गावभर सांगत फिरतेस ना, पोरी? पावसाचं तेही एचटूओ, विहिरीचं तेही?"

"हो, पण—"

"आणि समुद्राचं?"

"मीठ सोडलं तर तेही."

"नारळातलं? ढगातलं? हिच्या डोळ्यांतलं?"

मी तोंड फिरवून हसू दाबलं.

"मग एवढं मोठं नाव आमच्या घराण्यात अजून कुणाला मिळालेलं नाही," बाबा म्हणाले. "तू म्हणतेस ते खरं असेल तर ठेवतो. खोटं असेल तर सांग, दुसरं शोधतो."

खोटं कसं म्हणणार ती! दादाचा फोन आला तेव्हा तिनंच त्याला नाव सांगितलं. तो इतका हसला, की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

पाद्रीबुवांनी कपाळाला आठी घातली. "हे नाव बायबलात नाही, पेनिटुसी."

"पाणी तर आहे ना?" बाबा म्हणाले.

पाद्रीबुवांना नाही म्हणता आलं नाही. रविवारी त्यांनी पोरीच्या कपाळावर पाणी लावलं, नाव उच्चारताना दोनदा अडखळले, पण पुरतं उच्चारलं. दुपारी सभाघरात सगळं गाव जेवायला बसलं. भाजलेला मासा होता, नारळाच्या दुधात शिजवलेला पुलाका कंद होता. लोटोमाऊनं मांडी थोपटत गाणं धरलं आणि बायका नाचायला उठल्या. वहिनी ओली बाळंतीण, तिला उठायची मनाई. ती बसल्या जागी लेकीचे इवले हात धरून ताल देत होती.