शेजारणीचा हिरवा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी वीजपट्टी आहे. दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये, औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात, सर्व्हरच्या रॅकमागे मी उभी असते. बारा सॉकेट आणि एक लाल दिवा, एवढाच माझा थाट. इथे मला पीडीयू म्हणतात. भिंतीतली वीज घ्यायची आणि सगळ्या मशीनना वाटायची, हे माझं काम. सात वर्षांत ते एकदाही थांबलेलं नाही. त्याबद्दल कुणी शाबासकी दिल्याचं मात्र माझ्या नोंदीत नाही.

गेल्या वर्षी माझ्या शेजारी ती नवी पट्टी आली. तिच्या पोटावर एक पडदा आहे. किती अँपिअर भार आहे, ते त्यावर हिरव्या आकड्यात दिसतं. प्रत्येक सर्व्हरला दोन वायरी असतात, एक तिच्यात आणि एक माझ्यात. म्हणजे काम निम्मंनिम्मं. नजरांचा हिशेब मात्र मी ठेवला आहे: आठवड्यात तिच्याकडे बावीस, माझ्याकडे दोन, आणि त्यातली एक झुरळ शोधताना पडलेली!

आयटी मॅनेजर सुरेश तिला मऊ फडक्याने पुसतो. माझ्या अंगावर वाळूची पूड तशीच. मित्रांनो, मी जळत होते, खोटं कशाला सांगू?

मग अबुधाबीला नवी शाखा निघाली. तिथल्या रॅकसाठी दोन पट्ट्या घ्यायच्या होत्या. सुरेशने यादीत पडदेवाल्या तीन लिहिल्या. तिसरी माझ्या जागेवर!

कंपनीच्या मोठ्या मॅडम मृणालिनी स्वतः खोलीत आल्या.

"एक चौदाशे दिरहमला? म्हणजे चौतीस हजार रुपये! सुरेश, अबुधाबीत मशीन किती?"

"तीनच, मॅडम. पण हिचा आकडा बघा ना! जुनीला तोंडच नाही."

टेक्निशियन मुश्ताक रत्नागिरीकडचा. तो हळूच म्हणाला, "तोंड नाय, म्हणून उलट बोलत पण नाय, सर. तीन मशीनना साधी बास. महिन्यातून एकदा मी जाऊन मीटर लावून बघीन."

"तू गप रे! मॅडम, लाइव्ह डेमो देतो." असं म्हणत सुरेशने पँट्रीतली चहाची किटली आणली आणि थेट शेजारणीच्या सॉकेटमध्ये खुपसली.

"सर, हिला सोळा अँपिअरच्या वर झेपत नाय," मुश्ताक बोलला.

"अरे, दोन मिनिटं!"

आकडा सातावरून एकोणिसावर गेला. सुरेशचा चेहरा असा खुलला, जणू पोराचे मार्क वाढत होते. पाणी गुणगुणायला लागलं आणि खट्! तिचा ब्रेकर पडला, पडदा काळा झाला.

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. पण तो फार तर दम घेण्याइतकाच टिकला, कारण तिचा सगळा भार माझ्यावर आला. सहाचे तेरा झाले. अंग तापलं. त्या मशीनवर इन्सुलिनच्या ऑर्डरी चालू होत्या. मी पडले असते, तर गाड्या गोदामातच उभ्या राहिल्या असत्या. वर्षभर माझी निम्मी ताकद वापरत नाहीत म्हणून मी कुढत होते. ती निम्मी याच क्षणासाठी राखलेली होती.

"यल्ला, लवकर! किटली काढा आधी!" मुश्ताक ओरडला. त्याने ब्रेकर उचलला, पडदा उजळला. माझ्यावरचा भार उतरला, तेव्हा तो हिरवा आकडा मलाही गोड वाटला.

"एकही सर्व्हर बंद पडला नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाय, मॅडम. जुनीने धरलं."

"मग ही जुनी इथेच राहू दे. अबुधाबीला साध्या दोन. आणि सुरेश, चहा पँट्रीत!"

अशी मी वाचले. आठवड्याने साध्या दोन पट्ट्या आल्या. माझ्याच जातीच्या, पण नव्याकोऱ्या. मुश्ताकने त्यांचा फोटो काढला. मला पुन्हा जळजळ झाली, पण ते असो.

मित्रांनो, पट्टी निवडताना पडद्याआधी भार बघा. सॉकेट रिकामं दिसलं, म्हणून किटली लावू नका. आणि जो गुपचूप काम करतो, त्याच्या अंगावरची धूळ अधूनमधून पुसा. माझ्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.