न गळणारा नळ

साबणाचा फेस.

चर्चमधल्या ऑर्गनचं मिटलेलं झाकण. त्यावर फुलदाणी.

तेल घालून घालून गुळगुळीत झालेली बिजागरी.

शेवटच्या बाकाचं दाराकडचं टोक.

सगळं एकाच माणसाभोवतीचं. हा गॅसफिटर. नळीचा जॉइंट आवळला की त्यावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला तर गॅस गळतोय. परक्यांच्या घरी तो यात कधी चुकला नाही. थोरल्या भावाच्या घरी चुकला. घरचंच काम, म्हणून आवळलं, नुसता वास घेतला, ‘झालं’ म्हणाला.

भडका उडाला. थोरल्याचे दोन्ही हात भाजले.

ऑर्गन थोरला वाजवायचा.

तेव्हापासून धाकटा दर रविवारी, उपासनेआधी, हत्यारांची पिशवी घेऊन भावाच्या दारात.

“भाऊजी, बिजागरीला तेल मागच्याच रविवारी घातलंत,” वहिनी म्हणाली. “आता चोर आला तरी दार कुरकुरायचं नाही.”

“नळ बघतो.”

“नळ गळत नाही. तुम्हीच ठिबकताय.”

आत थोरला हसला. शर्टाचं बटण त्याच्या बोटांत येत नव्हतं. धाकटा धावला.

“सोड. लागू दे वेळ.”

“दादा, माझ्यामुळं—”

“माफ केलं म्हटलं ना? घसा बसला माझा सांगून सांगून. आणि देवानंही माफ केलं, त्याचं काय? त्याच्याही कामाला फेस लावून बघणार तू?”

“बुडबुडा येतोच ना, दादा.”

बटण राहिलं ते राहिलंच.

त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत, पापांच्या क्षमेची खूण म्हणून, अख्खा पाव बाकाबाकांवरून फिरतो. एकानं धरायचा, शेजाऱ्यानं तोडायचा. पाव जवळ आला की धाकटा उठून बाहेर जायचा, पाण्याची टाकी भरली का बघायला. टाकी काय, भरलेलीच असायची. दाराकडचं टोक त्यासाठीच.

आज थोरला आला आणि म्हणाला, “सरक.”

धाकटा भिंतीला टेकला. बाहेर जायचं तर भावाच्या गुडघ्यांवरून.

पाव आला. थोरल्याची बोटं मिटत नाहीत. त्यानं तो दोन तळव्यांत दाबून धरला. कातडी चकचकीत, ओढलेली. धाकट्यानं मान फिरवली. समोर भिंत. पाव थरथरायला लागला.

“तोड लवकर. पडेल.”

त्यानं तोडला. पडू नये म्हणून, की आणखी कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. घास तोंडात फिरत राहिला. शेवटी गिळला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. पाळक कृपेबद्दल बोलत होते, आणि धाकट्याच्या डोळ्यांपुढे तो जॉइंट होता, कोरडा, फेस न लावलेला.

घरी परतताना अर्ध्या वाटेत त्याला आठवलं, पिशवी बाकाखालीच राहिली. तो थांबला. थोरलाही थांबला.

“आणायचीय?”

“कळत नाही.”

वहिनी पुढं गेली होती. दोघं भाऊ तसेच फुटपाथवर उभे राहिले, लोक बाजूनं जात राहिले.

भडक्याच्या दिवशी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर थोरल्यानं आधी विचारलं होतं, धाकटा जेवला का.