चहाडखोर भिंती

आर्किटेक्टने बांधलेली ती खोली माणसांप्रमाणे लहानमोठी होई. दाराशी कुणी आलं की त्याच्यासाठी आधीच रुंदावे. खोली दोघांपुरती झाली की प्रेयसीला लग्नाचं विचारायचं, असं त्या आर्किटेक्टने कितीदा तरी घोकलं होतं. ती आत आली आणि भिंती अलगद जवळ सरकल्या. तो बोलू लागला.

"माझ्याशी लग्न..."

तोच भिंती धडाधड मागे पळाल्या.

"अरे, आपण तर दोघंच आहोत!" ती चक्रावली.

त्याने दार उघडलं. त्याची आत्या, मामा, मावशी, सगळी चुलत भावंडं दाराला कान लावून उभी!

"अगं पोरी, हो म्हण की!" आत्या ओरडली. "खोली आणखी वाढली तर आम्ही रस्त्यावर येऊ!"

"हो!" ती पोट धरून हसत म्हणाली.

एवढी रुंद झालेली खोलीही मग त्याला नाचायला पुरेना.